एक्झॅक्टा आणि जुन्या गाड्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्झॅक्टा व्हॅरेक्स या जर्मन फिल्म कॅमेऱ्यावर व्हिंटेज आणि क्लासिक गाड्यांचे फोटो काढतो म्हटलं की लोक तेच ते प्रश्न पाठवतात. काही अगदी प्राथमिक असतात, काही डोकं खाजवायला लावणारे. ते सगळे इथे क्रमाने घेतले आहेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलं आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एक्झॅक्टा म्हणजे नेमका कोणता कॅमेरा?

ड्रेस्डेनच्या इहागे कारखान्यात बनलेला ३५ मिमी एसएलआर, म्हणजे आतल्या आरशामुळे लेन्समधूनच बघता येणारा कॅमेरा. १९१२ साली योहान स्टेनबर्गन या डच माणसाने ही कंपनी काढली. १९३६ मध्ये आलेला कीने एक्झॅक्टा हा मोठ्या संख्येने बनलेल्या ३५ मिमी एसएलआरमधला पहिला. युद्धानंतर ड्रेस्डेन पूर्व जर्मनीत गेलं, पण उत्पादन चालू राहिलं. १९५० साली व्हॅरेक्स आला आणि त्यात व्ह्यूफाइंडर बदलायची सोय झाली: वरून वाकून बघायचा किंवा डोळ्याला लावायचा, जो हवा तो बसवा. वरून पाहिलं तर बॉडी चौकोनी नसून दोन्ही टोकांना निमुळती दिसते. बॅटरी नाही, उजेड मोजायचं मीटर नाही, सगळं काम स्प्रिंगा आणि दात्यांवर.

२. निकॉन, पेंटॅक्स सहज मिळतात. मग गाड्यांसाठी हाच का?

कारण गाडी बघायची खरी उंची कंबरेची आहे. उभं राहून डोळ्याला कॅमेरा लावला की आधी टप दिसतो, मग बॉनेटचा सपाट पत्रा, आणि गाडी बसकी वाटते. पद्मिनीची एकूण उंची दीड मीटरच्या आत-बाहेर. तुमचे डोळे टपाच्याही वर असतात. एक्झॅक्टाचा वरून बघायचा फाइंडर लावला, एक गुडघा टेकला, की लेन्स हेडलाइटच्या रेषेत येते. मडगार्डचा फुगवटा, दाराखालची रेघ, बंपरची जाडी, सगळं उभं राहतं. रस्त्यावर पालथं न पडता हे जमतं, हा माझ्या लेखी या कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा गुण. बाकी जे 'जुन्या कॅमेऱ्याची जादू' वगैरे बोललं जातं त्यावर फार विसंबू नका. उभ्या गाडीसाठी हा उत्तम कॅमेरा आहे, धावत्या गाडीसाठी बेताचा (प्रश्न १४).

३. मॉडेलं खूप दिसतात. कोणतं घेऊ?

व्हीएक्स (१९५१ पासून) किंवा व्हीएक्स टू-ए (१९५६ पासून). अमेरिकेत विकलेल्या कॅमेऱ्यांवर 'व्हॅरेक्स' शब्द नसतो, नुसतं 'व्हीएक्स' असतं, कॅमेरा तोच. १९६७ च्या व्हीएक्स १००० मध्ये आरसा फोटो काढल्यावर आपोआप खाली येतो, ही मोठी सोय. व्हीएक्स ५०० टाळा, कारण त्यात हळू शटरगती नाहीत आणि त्या गाडीच्या आतल्या फोटोंना लागतात (प्रश्न १६).

मॉडेलपेक्षा अवस्था महत्त्वाची. नीट चालणारा साधा व्हीएक्स हा अडकणाऱ्या दुर्मीळ मॉडेलपेक्षा केव्हाही बरा.

४. चोरबाजारात किंवा ऑनलाइन घेताना काय तपासायचं?

आधी शटरचा पडदा. लेन्स काढा, अंधाऱ्या खोलीत जा, मागचं झाकण उघडून आतून मोबाइलचा टॉर्च लावा आणि लेन्सच्या बाजूने बघा. रबर चढवलेल्या कापडाचा तो पडदा साठ-सत्तर वर्षांनी विटतो. सुईच्या टोकाएवढी भोकं असली तर आकाशात चांदण्या पडल्यासारखे पांढरे ठिपके फोटोत येतात. एखाद-दुसरं भोक काळ्या लवचीक रंगाने बुजवता येतं. चाळण झाली असेल तर पडदाच बदलावा लागतो आणि ते काम करणारे कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मग मागचं झाकण उघडं ठेवून १/१००० वर शटर मारा आणि उजेडाकडे बघा. चौकटीची एक बाजू काळी राहत असेल तर दुसरा पडदा पहिल्याला गाठतोय. अशा कॅमेऱ्यावर अर्धी गाडी अंधारात जाईल. १/२५० पर्यंत ठीक असेल तर घासाघीस करून घ्यायला हरकत नाही, कारण गाड्यांसाठी त्याहून जास्त गती क्वचित लागते.

लेन्समध्ये कोकण-मुंबईच्या हवेत बुरशी हमखास असते. उजेडासमोर तिरपी धरली की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. कडेला थोडी असेल तर चालेल, मधोमध असेल तर सोडा. फिल्म ओढायचा लिव्हर अडकला असेल तर दुकानदाराने जोर लावायच्या आत कॅमेरा परत द्या.

५. एक्सा नावाचा धाकटा कॅमेरा निम्म्या किमतीत मिळतोय. घेऊ का?

माउंट (लेन्स बसवायची जागा) तेच, वरून बघायचा फाइंडरही मिळतो, त्यामुळे कंबरेच्या उंचीचं सुख तेच. पण सुरुवातीच्या एक्सामध्ये सगळ्यात जलद गती १/१५० आहे, नंतरच्या काहींमध्ये १/१७५. आपल्याकडच्या कडक उन्हात ४०० आयएसओचा (आकडा मोठा तितका उजेड कमी लागतो) रोल घातलात तर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, एफ/२२ इतकं बारीक करूनही फोटो जास्तच उजळ येईल. १०० आयएसओ वापरा आणि सकाळचं ऊन गाठा. शिवाय १०० मिमीच्या वरच्या लेन्स लावल्या की कोपरे काळे पडतात. या दोन अटी मान्य असतील तर खुशाल घ्या.

६. शटरचं बटण डाव्या हाताला आहे हे खरं का? उजव्या हाताच्या माणसाला जमेल?

खरं आहे. बटण पुढच्या बाजूला, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली. फिल्म ओढायचा लिव्हरही डावीकडे, आणि तो जवळजवळ पूर्ण गोल फिरवावा लागतो. अर्ध्यावर सोडू नका, शेवटपर्यंत न्या. पहिल्या रोलला बोटं गोंधळतात. नंतर त्यातला फायदा लक्षात येतो: डाव्या हाताने कॅमेरा धरून बटण दाबायचं, उजवा हात लेन्स फिरवायला पूर्ण मोकळा. डावखुऱ्यांना तर हा पहिल्या दिवसापासून आवडतो.

एक खुबी मात्र माहीत हवी. ऑटो लेन्सला बाजूला एक दांडा असतो आणि त्याच्या टोकाचं बटण बरोबर कॅमेऱ्याच्या बटणावर येऊन बसतं. ते दाबलं की आधी लेन्सचं ॲपर्चर ठरवलेल्या आकड्यावर येतं आणि मग शटर उडतं. दाब सावकाश, शेवटपर्यंत. झटका दिला तर ॲपर्चर पुरतं बंद व्हायच्या आत फोटो निघतो. ज्या लेन्सला हा दांडा नाही त्यात फोकस करून झाल्यावर ॲपर्चर हाताने बंद करायचं लक्षात ठेवा.

७. फोटो काढल्यावर फाइंडरमध्ये काहीच दिसत नाही. बिघडला का?

नाही. आरसा वर जातो आणि वरच राहतो, पुढची फिल्म ओढली की खाली येतो. व्हीएक्स १००० च्या आधीच्या सगळ्या मॉडेलांत हे असंच आहे. फिल्म ओढल्यावरही काळंच दिसत असेल तर आरसा अडकलाय. तेव्हा कारागिराकडे न्या, बोट घालून ढकलू नका.

यावरून पुढचा प्रश्न येतोच: लिव्हर ओढून ठेवावा की नाही? मेळाव्यात फिरताना ओढून ठेवा, म्हणजे समोर गाडी आली की बघता येईल. घरी कपाटात ठेवताना शटर मारून ठेवा, स्प्रिंगांवर ताण राहत नाही.

८. वरून बघताना गाडी उलट्या बाजूला सरकते. याची सवय कशी होते?

एका आरशात बघत असल्यामुळे डावं-उजवं उलटं दिसतं, वर-खाली मात्र सरळ. गाडी चौकटीच्या उजव्या कडेला चिकटली आहे असं दिसलं की हात आपोआप कॅमेरा उजवीकडे नेतो आणि गाडी आणखी बाहेर जाते. उपाय सोपा: कॅमेरा फिरवू नका, पाय हलवा. उभी गाडी पळून जाणार नाही. नंबरप्लेट उलटी दिसेल, स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला दिसेल. निगेटिव्हवर सगळं बरोबरच येतं.

फोकससाठी फाइंडरमधलं छोटं भिंग उघडून डोळा त्याच्या अगदी जवळ न्या. हेडलाइटची क्रोमची कडा किंवा ग्रिलवरचं चिन्ह यावर फोकस करा. गुळगुळीत पत्र्यावर करायला गेलात तर डोळे दुखतील आणि फोकस लागणार नाही.

कॅमेरा उभा धरून फोटो घ्यायचा असेल तर हा फाइंडर विसरा. बाजूने डोकावावं लागतं आणि चित्र वर-खाली उलटं दिसतं. उभ्या फोटोला डोळ्याला लावायचा प्रिझम बसवा. तो घेताना त्यातली चांदी काळवंडलेली नाही ना, ते बघा.

९. गाडीच्या फोटोला कोणती लेन्स? किती अंतरावर उभं राहायचं?

याचं उत्तर अंतरापासूनच सुरू करू, कारण गाडीचा आकार लेन्सने नव्हे, अंतराने बिघडतो. ॲम्बॅसिडर साधारण ४.३ मीटर लांब. बाजूने पूर्ण घ्यायची आणि पुढे-मागे थोडी मोकळी जागा सोडायची तर ५० मिमी लेन्सने साधारण साडेसात मीटरवर उभं राहावं लागतं, ३५ ने सव्वापाच, १०० ने पंधरा आणि १३५ ने वीस मीटर.

येनाच्या कारखान्याची ३५ मिमीची फ्लेक्टोगॉन लेन्स जवळून लावली की पुढचं मडगार्ड भलतंच मोठं होतं आणि डिकी आखडते. जॅग्वारच्या लांब नाकाला ते शोभतं, बिचाऱ्या स्टँडर्ड हेराल्डला नाही. समोरचा कोपरा आणि एक बाजू अशा तिरप्या फोटोसाठी ५० मिमीची टेसार किंवा पँकोलार, नाहीतर ५८ मिमीची बायोटार पुरेशी. अगदी बाजूचा फोटो हवा आणि मागे हटायला जागा असेल तर १३५ ची सोनार. चाकं गोल, छत सरळ, जसं कारखान्याच्या जुन्या माहितीपत्रकात दिसायचं तसं. मेळाव्यात वीस मीटर मोकळी जागा मिळत नाही, मधे कोणीतरी सेल्फी घेत असतंच. म्हणून एकच लेन्स न्यायची तर ५० न्या.

बायोटार पूर्ण उघडी ठेवून मागची झाडं गरगरवायचा मोह सगळ्यांना होतो. गाडीचं चिन्ह, आरसा किंवा दाराची मूठ जवळून घेताना ते छान दिसतं. पूर्ण गाडीसाठी एफ/८ वर या. ५० मिमी, एफ/८ आणि साडेसात मीटरवर फोकस असेल तर सव्वाचार ते सव्वीस-सत्तावीस मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. तेच तीन मीटरवरून तिरपा फोटो घेताना फक्त सव्वादोन ते सव्वाचार मीटर हाती लागतात, म्हणजे मागचं चाक जेमतेम. अशा वेळी हेडलाइटवर नाही, पुढच्या दाराच्या बिजागरीवर फोकस करा.

१०. मीटर नाही तर उजेड कसा मोजायचा?

मोबाइलचं मीटर ॲप चालतं, हातातलं जुनं मीटर मिळालं तर उत्तमच. स्वच्छ उन्हात दोन्हीची गरज नाही: ॲपर्चर एफ/१६ आणि शटरगती म्हणजे आयएसओचा उलटा आकडा. २०० आयएसओचा रोल असेल तर एफ/१६ ला १/२०० च्या आसपास. त्याऐवजी एफ/११ आणि १/२५० ठेवलं तर थोडा जास्त उजेड पडतो आणि कलर निगेटिव्हला तो मानवतो.

क्रोमच्या बंपरवर ऊन चमकत असेल तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका. तो ठिपका पांढराच येणार, यायलाच हवा. चाकांच्या कमानीखालची सावली काळीकुट्ट होऊ नये एवढं बघा.

११. पांढरी ॲम्बॅसिडर राखाडी आली आणि काळी गाडी धुरकट. काय चुकतंय?

मोबाइल किंवा मीटर समोरच्या वस्तूकडे रोखून मोजताय. मीटरला सगळं जग मध्यम राखाडी वाटतं. पांढरी गाडी दिसली की ते उजेड कमी करायला सांगतं, काळी दिसली की वाढवायला. दोन मार्ग: गाडीजवळ उभं राहून, तिच्यावर पडणारं ऊन आपल्या तळहातावर घ्या, तळहातावर मोजा आणि एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाढवा. किंवा पांढरा घुमट असलेलं मीटर कॅमेऱ्याच्या दिशेने धरून पडणारा उजेड मोजा, म्हणजे गाडीचा रंग मोजणीत येतच नाही.

१२. रोल कोणता घालू? किमती बघून छाती दडपते.

सकाळच्या उन्हाला कोडॅक गोल्ड २००. सावलीतल्या गॅरेजला किंवा ढगाळ हवेला इल्फर्ड एचपी५ प्लस किंवा केंटमिअर ४००. ब्लॅक अँड व्हाइट घरी डी-७६ या डेव्हलपरमध्ये धुता येतो आणि खर्च बराच खाली येतो. शिकायला मी सगळ्यांना तेच सुचवतो.

घरात जुना इंदू किंवा ऑर्वोचा रोल सापडला आणि तो घालू का, असंही पुष्कळ जण विचारतात. इंदू म्हणजे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, ऑर्वो पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनचा. एक्झॅक्टा आणि ऑर्वो एकाच देशातले, त्यामुळे जोडी म्हणून मोह होणारच. पण इतक्या वर्षांचा रोल धुरकट झालेला असतो आणि त्याचा वेगही उतरलेला असतो. गंमत म्हणून घाला. कोणाच्या तरी आजोबांची गाडी एकदाच समोर येणार असेल तर ताजा रोल घ्या.

१३. ब्लॅक अँड व्हाइटवर लाल गाडी हिरव्या झाडीतच मिसळून गेली. वेगळी कशी काढायची?

फिल्टरने. लाल आणि हिरवा डोळ्यांना कितीही वेगळे दिसले तरी ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर दोन्ही जवळपास सारखे राखाडी उतरतात. लाल किंवा नारिंगी फिल्टर लावला की लाल एमजी गाडी उजळते आणि झाडी गडद होते. हिरवा लावला की उलट: गाडी जवळजवळ काळी, पानं उजळ. मला हिरव्यातली लाल गाडी जास्त आवडते, क्रोम त्यावर उठून दिसतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला साधा पिवळा फिल्टर पुरतो, टप उजळतो आणि खालचा काळा पत्रा तसाच राहतो.

कॅमेऱ्यात मीटर नसल्यामुळे फिल्टरने अडवलेला उजेड तुम्हालाच भरून काढायचा आहे. पिवळ्याला साधारण एक स्टॉप, नारिंगीला दीड ते दोन, गडद लालला तीन.

१४. धावत्या गाडीचा फोटो एक्झॅक्टाने निघतो का?

निघतो, पण वरून बघायच्या फाइंडरमधून नाही. गाडी डावीकडून येते, फाइंडरमध्ये उजवीकडून येताना दिसते आणि कॅमेरा तिच्याबरोबर फिरवायला जाल तर हात उलटेच जातील. प्रिझम बसवा. तो नसेल तर वरच्या झाकणाच्या पत्र्यांतच एक मोकळी चौकट केलेली असते, तिच्यातून थेट डोळ्याने गाडीचा माग काढता येतो. फोकस आधीच रस्त्यावरच्या एखाद्या खुणेवर, गतिरोधक किंवा पांढऱ्या पट्ट्यावर, लावून ठेवा. गाडी समांतर जात असेल तर १/५० किंवा १/६० ला तिच्याबरोबर कॅमेरा फिरवत बटण दाबा. समोरून येत असेल तर १/२५०.

ऐन क्षणी आरसा वर गेलेला असल्यामुळे नेमकं काय टिपलं ते दिसत नाही आणि लांबलचक लिव्हरमुळे लगेच दुसरा फोटो घेता येत नाही. एका गाडीला एक फोटो, एवढंच धरून चला.

१५. जुन्या शर्यतींच्या फोटोंत चाकं तिरपी, लांबट दिसतात. एक्झॅक्टाने तसं येईल का?

कॅमेरा आडवा धरला तर नाही. फ्रेंच छायाचित्रकार जाक-आंरी लार्तिग यांच्या प्रसिद्ध फोटोतलं तिरपं चाक ज्या प्रकारच्या कॅमेऱ्यातून आलं, त्यात शटरची फट वर-खाली सरकायची. फट सरकेपर्यंत गाडी पुढे गेली, म्हणून चाक एका बाजूला कललं. एक्झॅक्टाची फट आडवी सरकते. तिला पूर्ण चौकट ओलांडायला साधारण १/३० सेकंद लागतो असं धरलं, तर ताशी ४० किमीने जाणारी गाडी तेवढ्यात ३५-४० सेंटिमीटर पुढे जाते. फिल्मवर गाडीची प्रतिमा फटीच्याच दिशेने जात असेल तर गाडी थोडी लांब येते, विरुद्ध असेल तर आखूड. कललेली मात्र दिसत नाही.

आता यातली मेख: कॅमेरा उभा धरला की तीच फट वर-खाली जाऊ लागते. प्रिझम लावा, कॅमेरा उभा आणि स्थिर धरा, समोरून आडवी गाडी जाऊ द्या, चाकं कलतील. कोणत्या बाजूला, ते कॅमेरा डावीकडे वळवून उभा केला की उजवीकडे यावर अवलंबून. गाडीबरोबर कॅमेरा फिरवला तर गाडी सरळ राहते आणि मागचे विजेचे खांब कलतात.

१६. डॅशबोर्डचा फोटो अंधारात कसा घ्यायचा? हळू गतींचं चाक कळत नाही.

इथे एक्झॅक्टा भल्याभल्यांना मागे टाकतो, १२ सेकंदांपर्यंतची गती यांत्रिक घड्याळावर मिळते. डावीकडच्या गतीच्या चाकावर 'टी' किंवा 'बी' (शटर उघडं ठेवायच्या खुणा) ठेवा. फिल्म ओढा. उजवीकडचं मोठं चाक बाणाच्या दिशेने थांबेपर्यंत फिरवून चावी भरा. मग त्याचं कडं उचलून हवा तो आकडा खुणेसमोर आणा आणि बटण दाबा. काळे आकडे म्हणजे लगेच तेवढे सेकंद. लाल आकडे म्हणजे आधी सेल्फ-टायमर घुरघुरणार, मग शटर उघडणार. ट्रायपॉडवर लाल आकडेच वापरा, हात लागून होणारा हिसका निघून जातो. जुन्या कॅमेऱ्यात ही घुरघुर मधेच अडखळत असेल तर तेल वाळलंय, कारागिराकडून साफ करून घ्या.

एका सेकंदाच्या पुढे फिल्म आळशी होते हेही लक्षात घ्या. एचपी५ प्लसवर मीटरने ६ सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात साडेदहाच्या आसपास द्यावे लागतात.

१७. पोलरायझर लावला तरी बंपरची चमक जात नाही. फिल्टर खोटा निघाला का?

पोलरायझर म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, आणि तुमचा खरा आहे. धातूवरून परतलेला उजेड पोलरायझर अडवू शकत नाही, त्यामुळे क्रोम तसंच चमकणार. रंगाच्या थरावरची आणि काचेवरची चकाकी मात्र कापली जाते. पुढच्या काचेवरचं आकाश गेलं की आतलं स्टिअरिंग दिसू लागतं. पण चकाकी पूर्ण पुसली तर गाडी रबराची वाटते, म्हणून अर्ध्यावर थांबा. नंतरच्या गाड्यांच्या बाजूच्या कडक काचांवर पोलरायझरमुळे डागांची नक्षी उमटते. तो काचेतला ताण दिसतो, लेन्सचा दोष नव्हे.

या कॅमेऱ्याला जुना, स्वस्त, साधा पोलरायझर चालतो; 'सर्क्युलर' लागत नाही. बऱ्याच येना लेन्सना ४९ मिमीचा बसतो. भरपाई दीड ते दोन स्टॉप.

१८. कॅमेऱ्याच्या आत सुरी आहे म्हणे! ती कशासाठी?

रोल अर्धाच झाला असेल आणि तेवढाच धुवायचा असेल तर फिल्म आतल्या आत कापायला. खालची छोटी गुंडी सैल करून ओढली की पातं फिल्म चिरत जातं. डाव्या बाजूला साध्या फिरकीऐवजी दुसरी रिकामी कॅसेट लावलेली असेल तर कापलेला भाग उजेडातही बाहेर काढता येतो. नसेल तर अंधाऱ्या खोलीत किंवा चेंजिंग बॅगेत. उरलेली फिल्म पुन्हा लावताना दोन-तीन फोटोंची जागा वाया जाते. आजच्या रोलच्या भावात मी ती चैन करत नाही.

१९. लॅबने सगळे स्कॅन उलटे पाठवले. फिल्म चुकीची लावली गेली का?

नाही. एक्झॅक्टात रोल उजव्या बाजूला बसतो आणि फिल्म डावीकडे जाते, इतर कॅमेऱ्यांच्या बरोबर उलट. त्यामुळे निगेटिव्हच्या कडेचे आकडे फोटोच्या मानाने डोक्यावर उभे असतात. लॅबवाला आकडे सुलटे धरून स्कॅन करतो, गाड्या चाकं वर करून येतात. संगणकावर अर्धा फेरा फिरवा. आरशासारखं डावं-उजवं मात्र बदलू नका, नंबरप्लेट उलटी झाली तर स्कॅनच चुकीच्या बाजूने झालाय.

२०. अशा गाड्या बघायला कुठे मिळतात?

मुंबई-पुण्यात हिवाळ्यात व्हिंटेज गाड्यांच्या फेऱ्या निघतात, तारखा वर्तमानपत्रांत येतात. गाड्या निघायच्या तास-दीड तास आधी जा. ऊन तिरपं असतं आणि मालक फडकं मारत उभे असतात. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते. तिथे गर्दीत कंबरेच्या फाइंडरचा उपयोग नाही. कॅमेरा उलटा करून डोक्यावर धरा आणि खालून फाइंडरमध्ये बघा. दिल्लीची स्टेट्समन रॅली १९६४ पासूनची. अहमदाबादजवळ कठवाड्याला ऑटो वर्ल्ड आणि गुरुग्रामजवळ तावडूला हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे.

काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावर आता टॅक्सी म्हणून नाही. शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. खासगी पद्मिनी मात्र गल्लीबोळांत, ताडपत्रीखाली अजून सापडतात.

जर्मनीत राहणाऱ्यांनी विचारलंय म्हणून: ड्रेस्डेनला जुन्या एर्नेमान कॅमेरा कारखान्याच्या इमारतीत टेख्निशे झामलुंगेन हे संग्रहालय आहे, आणि त्याच सॅक्सनी प्रांतात त्स्विकाऊला आउगुस्ट हॉर्ख म्युझियम. तिथे हॉर्खच्या आलिशान गाड्यांपासून पूर्व जर्मनीच्या छोट्या ट्राबांटपर्यंत सगळं एका छताखाली बघता येतं.

२१. काही जुन्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं दिसतात. फोटो टाकताना नंबर झाकायचा का?

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूप फारसं न बदललेल्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते आणि राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच. मेळाव्यातल्या गाडीचा नंबर लोकांसमोरच असतो, तो मी झाकत नाही. कोणाच्या अंगणातल्या किंवा गॅरेजमधल्या गाडीचा झाकतो.

२२. मालकाला कसं विचारायचं? हात लावू देत नाहीत.

देऊ नयेच. "काका, दुरूनच एक फोटो घेऊ का?" एवढं पुरतं. मग हा विचित्र कॅमेरा बघून प्रश्न तेच विचारतात. त्यांना फाइंडरमध्ये वाकून स्वतःची गाडी बघू द्या. त्यानंतर बॉनेट आपणहून उघडलं जातं. जवळ जाण्याआधी कमरेच्या पट्ट्याचं बक्कल, अंगठी आणि गळ्यात लोंबणारं मीटर काढून खिशात घाला. एक्झॅक्टा जड आहे आणि पट्ट्याच्या कड्या लोखंडी, वाकलात की थेट मडगार्डवर आपटतो. पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन धरा. बॅग बॉनेटवर कधीच ठेवू नका, टपावरही नाही.

प्रिंट देतो म्हणालात तर द्या. निगेटिव्ह मागितली तर स्कॅन पाठवा.

२३. कॅमेरा बिघडला. निदान लेन्स डिजिटलवर वापरता येतील का?

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा असेल तर साध्या ॲडॅप्टरने येतील, फोकस अनंतापर्यंत लागतो. एक्झॅक्टाचं माउंट फिल्मपासून ४४.७ मिमीवर आहे, कॅननच्या ईएफ एसएलआरचं ४४ वर. त्यामुळे तिथेही अगदी पातळ ॲडॅप्टरने जमतं, पण काही लेन्सचा मागचा भाग आरशाला घासतो, तेव्हा आधी आरसा हळू वर करून बघा. निकॉनच्या एसएलआरवर अंतर जास्त असल्यामुळे साध्या ॲडॅप्टरने दूरचं काहीच स्पष्ट येणार नाही, फक्त चिन्हं आणि घड्याळांचे जवळचे फोटो मिळतील. प्रश्न ६ मधला दांडा काही डिजिटल कॅमेऱ्यांच्या पकडीला अडतो. म्हणून लेन्स घ्यायला जाताना कॅमेरा आणि ॲडॅप्टर बरोबर न्या आणि दुकानातच बसवून बघा.